ग्रेव्हनीची पाणथळ

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, फेव्हरशॅम या जुन्या गावाजवळ, ग्रेव्हनीची सपाट पाणथळ भूमी पसरलेली आहे. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडून ब्रेंट जातीचे कलहंस उतरतात. लव्हाळ्यांवरून दलदली भोवत्या संथपणे घिरट्या घालतो. हाच पक्षी थंडीच्या दिवसांत आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावरही दिसतो.

या भूमीतील सुमारे ९०० एकर शेतांवर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याची योजना निघाली. क्लीव्ह हिल हे तिचे नाव. ८ लक्ष ८० हजार सौर पॅनेल आणि सुमारे ३५० मेगावॅट वीज! कोळसा न जाळता मिळणारी ही वीज कोणाला नको असेल? परंतु पैसा व जमीन हाती आली की काम सुरू करावे, असे तेथे चालत नाही. २००८ च्या कायद्यान्वये ५० मेगावॅटहून मोठ्या अशा योजनेस त्या काळी थेट मंत्र्यांची संमती लागे, आणि अर्जापूर्वीच आसपासच्या लोकांचे मत विचारावे लागे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अर्ज दाखल झाला. २०१९ च्या मे अखेरीपासून सहा महिने त्याची परीक्षा चालली. मुलांनो, तुमच्या परीक्षेहून ही अगदी निराळी! येथे प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना होता. ज्याने नाव नोंदविले असेल त्याचे म्हणणे परीक्षकांनी विचारात घ्यावयाचे, मग तो पक्षितज्ज्ञ असो वा रोज त्या बांधावरून फिरावयास जाणारा ग्रामस्थ. पॅनेलांच्या दाटीत भोवत्याने भक्ष्य कोठे शोधावे? वीज साठविण्याच्या प्रचंड बॅटऱ्यांनी पेट घेतला तर काय करावे? अशा शंकांना कंपनीस उत्तरे द्यावी लागली.

त्यानंतर अहवालासाठी तीन महिने व मंत्र्यांच्या विचारासाठी तीन महिने, अशी मुदत कायद्यानेच घातलेली होती. २८ मे २०२० रोजी संमती मिळाली. विरोध करणारे निराश झाले. आपली पाणथळ आता पूर्वीची राहणार नाही, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते. मात्र त्यांची खटपट अगदीच वाया गेली असेही नाही. काही शेते पॅनेलांवाचून राखून तेथे कलहंसांसाठी गवत वाढवावयाचे, जुन्या चरांच्या कडेने भोवत्यासाठी मोकळी जागा सोडावयाची, बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेची योजना आधी मंजूर करून घ्यावयाची, हे सारे त्या योजनेत बांधून घेतलेले होते. २०२५ मध्ये ग्रेव्हनीची वीज तारांतून वाहू लागली.