वाळूत गाडी का रुतते? टायरच्या हवेतून शिकूया 'दाब'



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या संभाजीनगरातून कितीतरी कुटुंबं कोकणात जातात. आणि सुट्ट्यांत बातम्याही येतात : अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागरच्या बाजूला पर्यटकांची गाडी किनाऱ्यावर रुतली, वरून भरतीचं पाणी आलं. मुलं हे व्हिडिओ मोबाईलवर पाहतातच. त्यावरूनच विज्ञानाचा पाठ घेता येतो. 'बल व दाब' हे प्रकरण आठवीत येतं, पण चौथी-पाचवीच्या मुलांनाही ते हाताने करून कळतं.

उपक्रम

साहित्य : घमेलंभर कोरडी वाळू, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, पट्टी.

१. वाळू सपाट करून बाटली बुडावर उभी ठेवा. किती रुतली ते मोजा.
२. वाळू पुन्हा सपाट करा. आता बाटली उलटी, झाकणावर ठेवा. पडू नये एवढाच हलका आधार द्या. पुन्हा मोजा.

मुलांना विचारा, बाटलीचं वजन बदललं का? नाही. मग काय बदललं? टेकणारी जागा! जागा कमी, तर दाब जास्त.

गाडीचं गणित

समजा, माणसांसकट गाडी १२०० किलोची आहे. एकेका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो होतो. ३०० भागिले २.३ म्हणजे सुमारे १३० चौरस सेंटीमीटर. आपलं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं असतं. म्हणजे एवढी मोठी गाडी जेमतेम चार पोस्टकार्डांवर उभी असते! टायरचं रबरही थोडा भार पेलतं, म्हणून हा अंदाजच समजा.

हवा निम्मी केली की टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते. म्हणूनच वाळवंटात गाडी चालवणारे लोक हवा साधारण १५ ते १८ पीएसआयवर आणतात. उंटाचे पसरट तळवेही हेच काम करतात.

मग नेहमीच हवा कमी का ठेवू नये?

हा प्रश्न मुलं विचारतीलच. कमी हवेच्या टायरच्या बाजू डांबरी रस्त्यावर सतत दुमडतात, तापतात आणि टायर फुटू शकतो. समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगात हे जिवावर बेतू शकतं. म्हणून वाळूतून बाहेर आल्याबरोबर हवा भरावी लागते. त्यासाठी हे लोक गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवतात. हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तेच कारण. म्हणून छोट्या कॉम्प्रेसरलाही मधेमधे विश्रांती द्यावी लागते.

पालकांसाठी महत्त्वाचं

हे सगळं वाचून गाडी समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नका. अनेक किनाऱ्यांवर तशी मनाई आहे. वाळवंटात रुतलेल्या गाडीला वेळ मिळतो, किनाऱ्यावर मिळत नाही. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत पूर्ण भरती येते. ओलसर वाळू घट्ट वाटते, पण तिच्यात पाणी भरलं की ती सैल होते.

चुकून गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाक जागेवरच फिरून आणखी खोल जातं. पाणी जवळ असेल तर आधी मुलांना वर सुरक्षित जागी न्या, स्थानिकांची मदत घ्या. गाडीचं नंतर पाहू.

घरचा अभ्यास

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरची हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत लिहिलेलं असतं. मुलांना ते वाचून वहीत लिहू द्या. मग टायर थंड असताना पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्या काकांकडे हवा तपासून दोन्ही आकडे ताडून पाहा. गाडी नसेल तर सायकलच्या टायरवर काय छापलंय ते शोधा. वर्गात हे आकडे फळ्यावर मांडले, की पुढचा तास मुलंच घेतील!