रीसेटचं बटण दाबण्याआधी

नेट बंद पडलं की बहुतेक जण आधी राउटर बंद करून चालू करतात. तेवढ्याने भागलं नाही तर मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून तो रीसेट करतात. पहिल्या उपायाने सहसा नुकसान होत नाही. दुसऱ्याने किती होतं, ते मी जवळून पाहिलंय. तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची संगणक लॅब मी सांभाळतो.

अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस होते. सकाळी लॅबमधले काही संगणक चालू, काहींवर नेट नाही, आणि बाहेर पालकांची रांग. "सर, वायफाय गेलंय," असा निरोप आला. लॅबमधले सगळे संगणक तर वायरवर आहेत! मी पोहोचेपर्यंत अडलेले संगणक रीस्टार्ट करून झाले होते. मग चालणारेही रीस्टार्ट केले, तर त्यांतलेही काही अडले. शेवटी कोणीतरी घाईत मुख्य राउटर रीसेट केला आणि उरलंसुरलं नेटही गेलं.

रीसेट केलेला राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. नेट देणाऱ्याने त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसलं जातं. आमच्याकडे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि केबलवाल्याचा फोन लागेना. वाड्या-वस्त्यांवरून एसटीने आलेली मुलं दुपार टळेपर्यंत व्हरांड्यात बसून होती. त्यांचे चेहरे आठवले की आजही वाईट वाटतं. पासवर्ड मिळून राउटर पूर्ववत झाला, तरी सकाळी अडलेले संगणक अडलेलेच राहिले.

बिघाड सापडला तो पत्ते वाचल्यावर. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की संगणकाचा पत्ता दिसतो. चालणाऱ्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.२७, अडलेल्याचा १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा. म्हणजे आमच्या राउटरखेरीज इमारतीत आणखी कोणीतरी पत्ते वाटत होतं. संगणक चालू होताना पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा घेतो. म्हणूनच रीस्टार्ट केलेले चांगले संगणकही चुकीच्या दाराशी जाऊन बसले होते.

एका अडलेल्या संगणकावरून १९२.१६८.०.१ ला, म्हणजे त्या दुसऱ्या पत्ते वाटणाऱ्याला, पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) चालू ठेवला आणि स्विचमधली एकेक वायर काढून परत लावत गेलो. एक वायर काढताच उत्तर थांबलं. तिचा माग काढत शिक्षकांच्या खोलीत गेलो, तर कपाटावर एक छोटा राउटर. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून कोणीतरी घरून आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला. हेतू चांगलाच होता. असा दुसरा राउटर लावायचाच असेल तर आधी त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण कोणाला न दिलेला ठेवा, आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. बऱ्याच राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असतो, तो निवडला की डीएचसीपी वेगळं बंद करावं लागत नाही.

तेव्हापासून मी एकच शिस्त पाळतो. आधी पाहायचं, मग हात लावायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फायबरच्या पेटीवर 'एलओएस'चा लाल दिवा दिसला तर तिची बारीक वायर दुमडलेली किंवा सैल नाही एवढं बघा आणि तक्रार नोंदवा. राउटरला हात लावून काही होणार नाही. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर संगणकाला कोणीच पत्ता दिलेला नाही. वायर, स्विच किंवा राउटर तपासा. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग करा, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर अडचण बहुधा राउटरच्या पुढे आहे. दोन्हीकडून उत्तर येतं पण कुठलीच साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून पाहा.

वायफाय मंद वाटलं तर लॅपटॉप आधी वायरने राउटरला जोडा. वायरवरही मंदच असेल तर दोष हवेतला नाही. वायरचंही एक दुखणं असतं. आतल्या आठ तारांपैकी एक उंदराने कुरतडली, तर गिगाबिटची जोडणी १०० एमबीपीएसवर उतरू शकते, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. वायरवर वेग नीट असेल, तरच वायफायकडे वळा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारी ज्यावर नाहीत तो घ्या. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण काँक्रीटच्या भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. राउटर लोखंडी कपाटामागे तर मुळीच ठेवू नका.

आणि एक काम आजच करा. युजरनेम, पासवर्ड, राउटरचा पत्ता आणि केबलवाल्याचे दोन नंबर कागदावर लिहून कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कार्यालयात किमान दोघांना माहीत असू द्या.