परदेशचा फोन का लागत नाही?

नाशिकजवळच्या एका कार्यालयाची कल्पना करा. तेथून द्राक्षे परदेशी पाठवली जातात. फेब्रुवारी महिना आहे. द्राक्षांचा थंड कंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरला आहे. पण कागदपत्रांतील एका आकड्यावरून तो अडून पडला आहे. ई-मेलला उत्तर येत नाही. तिकडच्या व्यापाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे जरूर आहे. कार्यालयातील फोन पुण्याला लागतो, मुंबईला लागतो. रॉटरडॅमला मात्र लागत नाही. माल नाशवंत, त्यामुळे प्रत्येक तास मोलाचा.

अशा वेळी बहुतेक माणसे तोच क्रमांक पुन्हा पुन्हा दाबत राहतात. मार्ग गजबजलेला असेल तर त्याने कधी काम होतेही. परंतु दोष एखाद्या नियमात असेल, तर शंभर वेळा दाबूनही उत्तर तेच येणार. प्रयोगशाळेत मंडल चालेनासे झाले की आपण जे करतो, तेच येथेही करायला हवे. कोणता भाग ठीक आहे हे एकेक करून ठरवावयाचे, म्हणजे उरलेल्या भागात दोष सापडतो.

फोनचा प्रवास

टेबलावरचा फोन हे कार्यालयातील छोट्या एक्स्चेंजचे एक एक्स्टेन्शन असते. या एक्स्चेंजला आपल्याकडे ईपीएबीएक्स म्हणतात. त्याच्याकडून मोजक्या बाहेरच्या लाइनी दूरध्वनी कंपनीकडे जातात. कंपनीचे केंद्र परदेशचा फोन ओळखून तो आंतरराष्ट्रीय केंद्राकडे देते. तेथून तो समुद्राखालच्या केबलने किंवा उपग्रहामार्गे दुसऱ्या देशात पोहोचतो आणि तेथील केंद्र शेवटची घंटा वाजवते. म्हणजे साखळीच्या मुख्य कड्या पाच झाल्या: एक्स्टेन्शन, ईपीएबीएक्स, बाहेरची लाइन, आपल्या देशातील केंद्रे आणि परदेशातील केंद्रे.

आधी विभागणी, मग दुरुस्ती

सर्वांत आधी घड्याळ पाहा. फेब्रुवारीत नेदरलँड्सची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. नाशिकला सकाळचे ९ वाजले, तर रॉटरडॅमला पहाटेचे साडेचार! घंटा वाजूनही कोणी उचलत नसेल, तर तो यंत्राचा दोष नव्हे.

आता चार चाचण्या करा. प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा.

१. तोच क्रमांक मोबाइलवरून लावा. लागला, तर क्रमांक बरोबर आहे आणि पलीकडचा फोन चालू आहे. आजचे बोलणेही यातच उरकून घ्यावे! मात्र मोबाइलचा मार्ग वेगळा असतो. म्हणून आपल्या लाइनीच्या कंपनीबद्दल या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही.

२. त्याच टेबलावरून पुण्याला फोन लावा. लागला, तर फोनचे यंत्र व तारा ठीक आहेत. पण सावध! काही ईपीएबीएक्स देशातील फोन एका लाइनीवरून आणि परदेशचे दुसऱ्या लाइनीवरून पाठवतात. तसे असेल, तर परदेशच्या लाइनीबद्दल अद्याप आपल्याला काही कळलेले नाही.

३. त्याच टेबलावरून तिसऱ्या एखाद्या देशात, समजा सिंगापूरला, फोन लावा.

४. दुसऱ्या एक्स्टेन्शनवरून रॉटरडॅमला लावा. तेथून लागला, तर दोष पहिल्या एक्स्टेन्शनच्या परवानगीत असण्याचा संभव मोठा.

शून्यांचा हिशेब

रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याच्या कार्डावर +३१ १० आणि पुढे सात अंक छापलेले आहेत. ३१ हा नेदरलँड्सचा संकेतांक, १० हा रॉटरडॅमचा. सुरुवातीचे अधिक चिन्ह हा अंक नव्हे. ‘येथे आपल्या देशाचा परदेशी उपसर्ग घाला’ एवढीच ती सूचना आहे. मोबाइलला ती कळते. कार्यालयातल्या साध्या फोनवर हे चिन्हच नसते. हा उपसर्ग भारतात ००, अमेरिकेत ०११, तर जपानमध्ये ०१० आहे. अमेरिकेत राहून आलेला एखादा गृहस्थ सवयीने ०११ दाबील, तर काय होईल? ०११ हा आपल्याकडे दिल्लीचा एसटीडी संकेतांक आहे. त्याचा फोन रॉटरडॅमऐवजी दिल्लीकडे वळेल आणि पुढचे अंक दिल्लीतील स्थानिक क्रमांक म्हणून वाचले जातील.

आता आपल्या कार्यालयात बाहेरची लाइन मिळवण्यासाठी ० दाबावा लागतो असे समजा. म्हणजे एकूण दाबायचे ते ०, मग ००, मग ३१, मग १० आणि शेवटी सात अंक. सुरुवातीला शून्ये तीन! कोणी दोनच दाबली, तर पहिले शून्य ईपीएबीएक्स बाहेरच्या लाइनीसाठी वापरून टाकतो. उरते ०३११०... आणि कंपनीचे केंद्र तो भारतातलाच एसटीडी क्रमांक समजते. ‘क्रमांक अस्तित्वात नाही’ हे उत्तर अशा वेळी अगदी खरे असते.

एक शून्य जास्त झाले तरी बिघडतेच. नेदरलँड्समध्ये देशांतर्गत फोन करताना रॉटरडॅमचा संकेतांक ०१० असा लिहितात. त्यातले पहिले शून्य त्या देशापुरते असते. बाहेरून फोन करताना ते गाळावे लागते, जसे मुंबईचे ०२२ परदेशातून लावताना ९१ २२ होते. पण हा नियम सर्वत्र चालतो असे समजू नका. इटलीत शून्य हा क्रमांकाचाच भाग मानतात. त्यामुळे रोमला परदेशातून ३९ ०६ असेच लावावे लागते. तेथे शून्य गाळले की फोन लागणार नाही.

अंक किती?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमानुसार देशाच्या संकेतांकासह क्रमांकात जास्तीत जास्त १५ अंक असू शकतात. उपसर्ग त्यात धरत नाहीत. भारतातील एसटीडी क्रमांक शून्यासह ११ अंकांचा असतो. ईपीएबीएक्समध्ये कोणी ‘जास्तीत जास्त ११ अंक’ अशी मर्यादा घालून ठेवली, तर देशातील सगळे फोन उत्तम चालतील आणि परदेशचे बहुतेक लागणार नाहीत. मर्यादा १२ अंकांची असेल तर गंमत पाहा. सिंगापूरचा संकेतांक ६५ व पुढे आठ अंक. उपसर्गासह १२ अंक झाले. रॉटरडॅमचे मात्र १३ होतात. सिंगापूरला फोन लागेल, रॉटरडॅमला लागणार नाही. ‘एका देशात लागतो, दुसऱ्यात नाही’ अशी तक्रार आली की प्रथम अंक मोजावेत, ते याचसाठी.

लांबी निरनिराळी असल्यामुळे आणखी एक अडचण येते. क्रमांक संपला हे यंत्राला कळावे कसे? म्हणून ते शेवटच्या अंकानंतर काही सेकंद वाट पाहते. ही प्रतीक्षा फार थोडी ठेवलेली असेल आणि कार्डाकडे पाहत पाहत सावकाश अंक दाबले, तर अर्धाच क्रमांक पुढे जातो. उलट क्रमांक पूर्ण झाल्यावरची शांतता ऐकून अधीर माणूस फोन ठेवून देतो. परदेशी फोन लागायला काही सेकंद अधिक लागतातच. म्हणून घाई करू नये.

मुद्दाम लावलेले कुलूप

अनेकदा दोष नसतोच. कोणीतरी समजून उमजून आयएसडी बंद ठेवलेले असते. हे कुलूप दोन ठिकाणी असू शकते: ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या परवानगीत आणि कंपनीकडे लाइनीच्या सेवेत. त्याला सबळ कारण आहे. लबाड माणसे रात्री किंवा सुटीच्या दिवशी कार्यालयाच्या यंत्रणेत शिरून महागडे परदेशी फोन करतात आणि बिल कार्यालयाला भरावे लागते. म्हणून घाईघाईने सर्वांना सर्व देश खुले करू नयेत. ज्या एक्स्टेन्शनला ज्या देशांची गरज आहे, तेवढीच परवानगी द्यावी.

कानाने आणि नोंदीने तपासणी

नकार कोणत्या क्षणी आला, हे नीट ऐका. पहिल्या शून्यानंतर लगेच व्यस्त सूर आला, तर बाहेरच्या लाइनी मोकळ्या नाहीत. परदेशी उपसर्ग दाबताच सूर बदलला, तर ईपीएबीएक्सचे कुलूप. सर्व अंकांनंतर ध्वनिमुद्रित सूचना आली, तर फोन बहुधा कार्यालयाबाहेर पडला आहे. घंटाही बोलते. भारतात ती जोडीने वाजते, म्हणजे ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद शांतता, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग २ सेकंद शांतता. नेदरलँड्समध्ये १ सेकंद आवाज व ४ सेकंद शांतता असते. ती लांब घंटा ऐकू आली, तर फोन पलीकडे पोहोचला असे मानायला हरकत नाही. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये मात्र घंटा कधी कधी जवळच्याच यंत्रात तयार होते. तेथे या खुणेवर विसंबू नये.

आधुनिक ईपीएबीएक्स प्रत्येक नकाराचे कारण अंकात नोंदवून ठेवतो. १७ म्हणजे पलीकडचा फोन व्यस्त, २१ म्हणजे फोन नाकारला, २८ म्हणजे क्रमांकाची रचना चुकीची किंवा अपुरी, ३४ म्हणजे मोकळा मार्ग नाही. कंपनीकडे तक्रार करताना ही नोंद, फोनची नेमकी वेळ आणि दाबलेले सर्व अंक द्यावेत. ‘फोन लागत नाही’ एवढ्या वाक्यावरून कोणालाच दोष शोधता येत नाही.

करून पाहा

१. दुबईचा स्थिर फोन देशांतर्गत ०४ व पुढे सात अंक असा लिहितात. देशाचा संकेतांक ९७१. आपल्या कार्यालयातून एकूण किती अंक दाबावे लागतील?
२. मर्यादा १२ अंकांची असेल, तर हा फोन लागेल का? बाहेरच्या लाइनीचे शून्य मोजू नका.
३. टोकियोतील माणसाने मुंबईचा आठ अंकी क्रमांक कसा लावावा?

उत्तरे : १. ०, ००, ९७१, ४ व सात अंक, एकूण १४. २. नाही, १३ अंक होतात. ३. ०१०, ९१, २२ आणि पुढे आठ अंक.