घटक 4 : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साहाय्यसेवा

4.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला

• 'वाजवी सोय' ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• वाचन, लेखन व परीक्षा या बाबतींतील साहाय्यसेवांचे स्वरूप सांगता येईल.
• मेहेरबानी आणि समान संधी यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एक दृष्टिहीन विद्यार्थिनी मराठीच्या परीक्षेला बसली आहे, अशी कल्पना करा. उत्तर तिला येते. परंतु ते कागदावर उतरविणारा हात दुसऱ्याचा आहे. लेखनिकाने 'दिन' या शब्दाऐवजी 'दीन' लिहिले, तर 'दिवस' हा अर्थ जाऊन 'गरीब' हा अर्थ येतो आणि गुण मात्र तिचेच कमी होतात. अशा वेळी परीक्षा नेमकी कोणाची झाली? साहाय्यसेवांचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो.

4.3 विषय-विवेचन

4.3.1 कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. नव्या कायद्यात ते 21 झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही त्यांत समावेश झाला. कलम 32 नुसार शासकीय व शासन-अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान 5 टक्के जागा लक्षणीय, म्हणजे 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेतही त्यांना 5 वर्षांची सूट आहे.

मात्र प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही. म्हणूनच या कायद्यातील 'वाजवी सोय' ही संकल्पना महत्त्वाची ठरते. संस्थेवर अवाजवी भार न टाकता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा यासाठी केलेला आवश्यक व योग्य बदल म्हणजे वाजवी सोय. हस्तलेखनात अडचण येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी असा निर्णय दिला, की लेखनिकाची सोय केवळ 40 टक्क्यांच्या अटीवर नाकारता येणार नाही. सोय टक्केवारीवरून नव्हे, तर गरजेवरून ठरावी, हा या निर्णयाचा गाभा होय.

4.3.2 वाचनसाहित्य

संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला पडदावाचक म्हणतात. 'एनव्हीडीए' हा पडदावाचक विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि पुस्तकाच्या पानांची केवळ छायाप्रत दिली, तर पडदावाचकाच्या दृष्टीने ते अक्षर नसून चित्र असते. मराठीत आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत तयार केलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो. पडदावाचकाला मात्र तो निरर्थक चिन्हांचा समूह वाटतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर दृष्टिहीन विद्यार्थी तो कोणाच्याही मदतीवाचून ऐकू शकतो. येथे अडथळा विद्यार्थ्यात नसून साहित्यात आहे.

श्रवणबाधित विद्यार्थ्यांची गरज वेगळी असते. ध्वनिमुद्रित व्याख्यान त्यांना उपयोगी पडत नाही; त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी, चित्रफितीखालील मजकूर किंवा व्याख्यानाची लेखी टिपणे आवश्यक ठरतात.

4.3.3 लेखन व परीक्षा

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटे अधिक वेळ द्यावयाचा असतो. म्हणजे 3 तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी किमान 1 तास. हा वेळ बक्षीस नव्हे. प्रश्न ऐकणे, उत्तर सांगणे, जोडाक्षर फोडून सांगणे, लिहिलेले पुन्हा वाचून घेणे या क्रिया इतरांना कराव्या लागत नाहीत. त्यांत जाणारा वेळ येथे भरून दिला जातो. प्रश्न तेच राहतात, गुणदानाचे निकषही तेच राहतात.

मराठीच्या परीक्षार्थीने लेखनिक निवडताना त्याचे देवनागरी लेखन आधी पाहावे. कवितेच्या ओळी कोठे तोडावयाच्या, अवतरणचिन्हे कशी सुचवावयाची, यांचा एकत्र सराव करावा.

4.3.4 साहाय्य केंद्र आणि दूरस्थ विद्यार्थी

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. अशा केंद्रामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक शिक्षकापुढे नव्याने विनवणी करावी लागत नाही. साहाय्य हा संस्थेच्या नित्य कामाचा भाग होतो.

दूरस्थ विद्यार्थी रोज महाविद्यालयात येत नाही. त्यामुळे त्याची अडचण कोणाच्या नजरेस आपोआप पडत नाही. त्याने प्रवेशाच्या वेळीच आपली गरज लेखी कळवावी, प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. अभ्यासकेंद्रानेही प्रवेश घेतानाच ही विचारणा करणे इष्ट होय. परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधलेला लेखनिक हा बहुधा केवळ उपलब्ध असतो, योग्य असतोच असे नाही.

4.4 सारांश

साहाय्यसेवा परीक्षा सोपी करीत नाहीत; विद्यार्थ्याचे ज्ञान आणि त्याची उत्तरपत्रिका यांमधील अडथळा दूर करतात. ही सेवा दयेवर अवलंबून नसून हक्कावर आधारलेली आहे. ती वेळेवर आणि गरजेनुरूप मिळाली, तरच तिला अर्थ राहतो.

4.5 स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
1. वाजवी सोय म्हणजे काय?
2. पानाची छायाप्रत पडदावाचकाला का वाचता येत नाही?

आ) 'अधिक वेळ ही मेहेरबानी नव्हे' या विधानाची 150 शब्दांत चर्चा करा.

इ) उपक्रम : आपल्या अभ्यासकेंद्रास भेट द्या. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला प्रवेशद्वारापासून परीक्षेच्या खोलीपर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय पोहोचता येईल का, याचे निरीक्षण करून टिपण तयार करा.