कोकण किनारा सायकलने : आधी रक्त तपासा, मग रस्ता



गेल्या सप्टेंबरात आम्ही वस्तीतील बारा मुलामुलींना घेऊन नांदेडहून अर्धापूरकडे सरावाला निघालो. बेत मोठा होता : कोकणचा किनारा सायकलने पाहायचा, रात्री तंबूत राहायचे. पाच-सहा किलोमीटरवर एक मुलगी सायकल लावून खाली बसली. धाप लागलेली, डोळ्यांपुढे अंधारी. "कुणाला सांगू नका ताई, मला गाळतील," एवढेच म्हणाली. तपासले तर हिमोग्लोबिन ८. आम्ही तिला गाळले नाही, तारीख पुढे ढकलली. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, जेवणात पालेभाजी आणि लिंबू, गोळीच्या वेळी चहा बंद. डिसेंबरात ११ झाले आणि जानेवारीत ती आमच्यासोबत होती.

रक्त : बाईचे हिमोग्लोबिन १२ आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजावे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. सोबत सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. विदर्भात आणि किनवट-माहूरकडे हा आजार आढळतो, आपल्या समाजातही आहे. अशा रुग्णाला पाणी कमी पडले किंवा अति दमणूक झाली तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याने निघू नये.

सराव : दोन महिने आधी रोज १० किलोमीटरपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा. शेवटी तंबू-पांघरुणाचे ओझे कॅरिअरला बांधून चालवा. गिअरची सायकल नसली तरी चालते, ब्रेक मात्र चांगले हवेत. चढावर उतरून ढकलण्यात कमीपणा नाही.

मार्ग : नांदेड-पनवेल गाडी लातूरवरूनच जाते. सायकली पार्सलने नेण्याची चौकशी आधी स्टेशनवर करा. पनवेलहून अलिबागपर्यंत टेम्पो करावा, महामार्गावर अवजड वाहने फार. पुढे मुरूड, आगरदांडा-दिघी फेरीबोट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो की आपण मंडणगड तालुक्यात येतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. ओलांडलेली खाडी सावित्री नदीची, आणि महाड याच नदीकाठी. दिवसाला ३०-४० किलोमीटर पुरे.

घाम : आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होते. किनाऱ्यावर हवा दमट, घाम नुसता निथळतो, अंग गार होत नाही. म्हणून ऊन कमी असूनही माणूस तिथे लवकर कोसळतो. सकाळी सहा ते दहा चालवा, दुपारी सावलीत थांबा. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट-घोट प्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे. जुलाब किंवा फार घाम झाला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या (चमचा चहाचा). कुणी असंबद्ध बोलू लागले आणि अंग तापले तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

मुक्काम : ग्रामपंचायतीला विचारून, शक्यतो शाळेच्या आवारात. वाळूवर तंबू नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे असते, पाणी कुठवर येते ते कोळी बांधवांना विचारा. नारळाखालीही नको. सकाळी बूट-चप्पल झटकूनच घाला, तिथे विंचू असतात. आपल्या जालना जिल्ह्यातून गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडमध्ये काम करून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पण औषध डॉक्टरच देतील. दंश झाल्यास वेळ न घालवता दवाखाना गाठा. मुलींनी पाळीचे पॅड पुरेसे सोबत घ्यावेत, पाळी आली म्हणून मागे राहू नये.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पोर "दमले" म्हणाले तर "नाटक करतेस" म्हणू नका. आधी रक्त तपासा.