हजारावं टोकन

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानाचा डेटाबेस मी सांभाळतो. काउंटरवरचे टोकन क्रमांक रोज १ पासून सुरू होतात. जुलैतल्या एका रविवारी भुशी धरणावरून परतणारी गर्दी दुकानात लोटली आणि टोकनं हजाराच्या जरा पुढे गेली. रात्री रिपोर्टातली एकूण रक्कम गल्ल्याशी जुळली. १०० नंबरच्या टोकनावर मात्र भलताच माल दिसत होता. मालक म्हणाले, "अहो, एवढी चिक्की लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा कोणी नेत नाही!"

जुन्या क्वेरीत टोकन क्रमांक एलपॅड लावून, म्हणजे डावीकडे शून्यं भरून, तीन अंकी केलेला होता. ७ चं ००७. हेतू चांगला. नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तर १ नंतर १०, मग १००, आणि २ पार मागे. पण एलपॅड कमी पडलेली जागा भरतं, तसं जास्तीचं कापतंही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, तिन्हींत हेच. १००० ते १००९ या दहाही टोकनांचं १०० झालं आणि ग्रुप बायने ती खऱ्या शंभरात घातली. एरर नाही, बेरीजही बरोबर. एसक्यूएल सर्व्हरवाले पुढे शून्यं जोडून उजवीकडचे तीन अंक उचलतात. तिथे १००० चं ००० होतं, ते निदान डोळ्यांत तरी खुपतं.

"एवढे अंक पुरतील" या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०१० मध्ये रेल्वेने गाड्यांचे चार अंकी क्रमांक पाच अंकी केले. चार अंकांचं एलपॅड कुठे राहिलं असतं, तर डेक्कन क्वीनची १२१२३, तिची परतीची १२१२४ आणि प्रगती एक्सप्रेसची १२१२५, तिन्ही गाड्या १२१२ म्हणून एकाच ओळीत उभ्या!

म्हणून क्रमांक टेबलात संख्या म्हणूनच ठेवा. क्रम, जोडणी, गट, सगळं मूळ संख्येवर करा. शून्यं फक्त छापताना लावा, तीही सर्वांत मोठा क्रमांक किती अंकी आहे ते बघून. जिथे शून्य मुळातच आहे, जसं लोणावळ्याच्या एसटीडी कोडात, ०२११४, तो रकाना मजकुराचाच हवा.

बिलावर रकमा सरळ रेषेत याव्यात म्हणून नावांपुढे जागा भरायची, तर तिथलं दुखणं निराळं. 'मावळ' आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पोस्टग्रेस काना धरून चार मोजतं; 'लोणावळा' चार दिसतं, भरतं सात. मग आरपॅडने उजवीकडे कितीही मोकळ्या जागा भरा, पुढचे आकडे वाकडेच. मी बिलावर रकमेचा रकाना आधी घेतो आणि मालाचं नाव शेवटी; तिथे ते हवं तेवढं लांबू दे.