गोलकीपरशी अबोला

खोताची वाडी, गिरगाव

चि. बाळ,

काल ताईचा फोन आला होता. फायनल हरल्यापासून तू तुमच्या गोलकीपरशी बोलत नाहीस, त्याच्या शेजारी बसायला नको म्हणून शाळेची रिक्षा सोडून चालत जातोस, असं म्हणाली. हरल्याचं दुःख मला समजतं. आठवडाभर तुला जेवण गेलं नसतं तरी मी गप्प राहिले असते. पण या अबोल्याबद्दल मला बोलायलाच हवं. हीच चूक मी केली आहे.

20 डिसेंबर 2015, रविवार. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर होती. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आपण मूळचे फोंड्याचे, आणि वाडीतल्या कितीतरी घरांची मुळं गोव्यातच. समोरच्या अंकलनी टीव्ही व्हरांड्यात आणून ठेवला होता. नाताळ पाच दिवसांवर आलेला, लाकडी कठड्याला कागदी चांदण्या लागलेल्या, आत आंटी नेवऱ्या तळत होत्या. मी बाहेरच्या पायरीवर बसले होते, हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

मध्यंतरानंतर चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. आपल्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने ती अडवली, पण परतलेल्या चेंडूवर पेलिसारीने गोल केला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. 87 व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक जाळ्यात गेली. 2-1! गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चषक आपलाच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. आणि 90 व्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीकडून आपल्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. ते कळेपर्यंत, भरपाई वेळेत, मेंडोझाने तिसरा मारला. 3-2. संपलं.

मी ओरडले. कट्टीमणीला नाही नाही ते बोलले, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. अंकल तरुणपणी ऑफिसच्या संघाचे गोलकीपर होते, कूपरेजवर खेळलेले. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची आईपण बघत असेल गं."

त्या रात्री मला झोप आली नाही. हरलो म्हणून, आणि त्या वाक्यानेही. हळूहळू सामना डोळ्यांपुढून सरकू लागला. पेनल्टी तर त्याने अडवली होती. मग परतलेल्या चेंडूपर्यंत आपलं कुणीच कसं पोहोचलं नाही? मेंडोझाला शेवटी तेवढी मोकळी जागा कुणी दिली? पुढच्यांच्या चुका वाटून जातात, त्या कुठे लिहिल्या जात नाहीत. गोलकीपरच्या मागे जाळं असतं, म्हणून त्याची चूक नाव आणि मिनिटासकट छापली जाते. आजही त्या सामन्याची माहिती काढलीस तर 90 व्या मिनिटापुढे त्याचंच नाव दिसेल.

त्या दिवशी गोव्याच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून झिको होते. 1986 च्या विश्वचषकात, फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरल्यावर थोड्याच वेळात त्यांनी पेनल्टी दवडली होती. तो सामना ब्राझील पुढे शूटआउटमध्ये हरलं. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत जे घडलं, ते तुझ्या पंधरा वर्षांच्या मित्राच्या बाबतीत घडू नये असं तू कुठल्या हक्काने म्हणतोस?

ताईने तुमच्या फायनलचा व्हिडिओ पाठवला. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्याच्या हातून चेंडू निसटला, खरं आहे. पण त्याआधी काय झालं ते तूही बघ. तुझ्या बाजूने त्यांचा पोरगा आत घुसला, आणि तू हात वर करून ऑफसाइड मागत जागच्या जागी उभा होतास. पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती. तू दोन पावलं धावला असतास, तर चेंडू गोलकीपरपर्यंत गेलाच नसता. हे तुला कुणी म्हटलं नाही, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. तुला लागेल हे माहीत असूनही लिहिते आहे.

कट्टीमणी त्यानंतरही गोव्याच्या संघात राहिला, पुढे हैदराबादला गेला. 20 मार्च 2022 ला हैदराबाद फायनलला आलं, पुन्हा त्याच फातोर्ड्यावर. केरळा ब्लास्टर्सशी 1-1 बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये त्याने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबादने चषक जिंकला. अंकल तोवर वाडी सोडून वसईला राहायला गेले होते. मी त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "पाहिलं." मला रडू आलं. त्या आनंदावर माझा काहीच हक्क नव्हता, हे मला कळत होतं.

तुझ्या मित्राला असा दिवस मिळेलच असं मी म्हणत नाही. कदाचित तो पुन्हा ग्लोव्ह्ज घालणारही नाही. पण घालायचे की नाही हे त्याने ठरवावं, तुझ्या अबोल्याने नव्हे. त्याच्यापुढे भाषण करू नकोस, 'जाऊ दे रे' असंही म्हणू नकोस. तू का धावला नाहीस, तेवढं त्याला सांग.

मे महिन्यात येशील तेव्हा त्यालाही घेऊन ये. दोघांची गादी व्हरांड्यात घालेन. आणि सोमवारी सकाळी रिक्षात त्याच्यासाठी जागा धर.

तुझी,
मावशी